कांडी संपली की नजर वर

तुटलेला धागा तिथल्या तिथे सांधायचा. मागावर नव्यानं बसणाऱ्या मुलीला आमच्याकडे सगळ्यात आधी हे सांगतात. हाताला लय लागलेली असते, पावडी, धोटा, फणी सगळं एका ठेक्यात चाललेलं असतं. अशा वेळी ताण्याचा एखादा धागा तुटला तर थांबावंसं वाटत नाही. चार बोटं विणून घेऊ, मग बघू, असं मन म्हणतं. तेवढ्यात तो सुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत अडकतो, फणीशी गुंता होतो, आणखी दोन तुटतात आणि कापडावर उभी फट पडते. तेच त्या क्षणी हात थांबवला, बोटांना चिमूटभर राख लावली, नवा तुकडा पिळून जोडला आणि फणीच्या त्याच घरातून ओवून घेतला, तर काम दोन-चार मिनिटांचं. सासूबाई म्हणत, "आत्ता बोटानं होतंय, उद्या दोन्ही हात लागतील." त्यांचं हे म्हणणं मागापुरतं नव्हतं. रात्री उरलेल्या भाताला आणि अंगात सुरू झालेल्या दुखण्याला त्या हाच नियम लावत. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्यांच्या आणि माझ्या माहेरच्या आजीच्या तोंडून आलेलं आहे. काही ठिकाणी डॉक्टरांचं ऐकून मी त्यात बदल केला आहे, तोही सांगेन.

माझं माहेर भिंगारचं. नगरला लागून असलेलं हे विणकरांचं जुनं गाव, तिथे सुती लुगडी विणत. सासर येवल्याचं, म्हणजे रेशमाचं आणि जरीचं. दोन्ही घरांत माग पुढच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. अशा घरात कामाची जागा आणि राहायची जागा निराळी नसते. ज्या हातानं भाकरी थापायची त्याच हातानं रेशीम धरायचं. आता येवल्याच्या आसपासच्या खेड्यांत, ज्यांच्या घरी पूर्वी कधी माग नव्हता अशा घरांतही पैठणी विणली जाते. तिथल्या मुलींना हे सांगायला घरात कोणी जुनं माणूस नाही. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हात. रेशमाला खरखरीत हात चालत नाही. बोटाच्या टोकाची जराशी साल निघालेली असली तरी धागा तिथे अडकतो आणि फुलारतो. म्हणून नखं कायम बारीक कापलेली हवीत, भांडी घासताना हातमोजे घालता आले तर उत्तम, आणि मागावर बसण्याआधी डाळीचं पीठ चोळून हात धुवायचे. त्यानं तेलकटपणा जातो आणि कातडी ओरबाडली जात नाही. हातांना खोबरेल लावायचं ते रात्री झोपताना. सकाळी बोटांवर तेलाचा अंश राहिला तर फिक्या रंगाच्या रेशमावर तो उमटतो.

हळदीला मात्र जपून. हळदीचं बोट कापडाला लागलं की मुली घाबरून साबण लावतात आणि पिवळा डाग लाल होतो. साबणातल्या खारानं हळद लाल होणारच. कापड सुती असेल तर न घाबरता धुवून उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हात विरत जातो. रेशमाला कडक ऊन दाखवता येत नाही, त्यामुळे रेशमावर हळद पडूच द्यायची नाही. घरात दोघी असतील तर एकीनं फोडणीचं बघावं, दुसरीनं मागावर बसावं. एकटी असशील तर फोडणी, मिरच्या चिरणं, मसाला वाटणं हे सगळं मागावरून उठल्यानंतरचं काम.

हवामानाचं शहाणपण माझ्या दोन घरांत उलटसुलट होतं. माहेरी आजी चैत्र-वैशाखात पहाटेच माग सुरू करायला लावी, दुपारी खोलीत पाणी शिंपडी आणि दाराला ओलं पोतं लावी. सुताला ओल मानवते. हवेत दमटपणा असला की सुती धागा बळकट राहतो, कोरड्या हवेत कडक होऊन पटापट तुटतो. जमिनीलगतच्या खड्ड्याच्या मागाला एवढं महत्त्व होतं त्याचं एक कारण हा गारवा. रेशमाचं तसं नाही. रेशीम ओलं झालं की त्याची ताकद उतरते, आणि जरीला ओल लागून राहिली तर ती काळवंडते. येवल्यात उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरून ओलं फडकं फिरवावं, पण पाण्याचा तांब्या मागाच्या आसपासही नको.

पावसाळ्यात खड्ड्यात पाय सोडण्याआधी आत उजेड पाडून बघायचं आणि काठीनं कोपरे ठोकायचे. रोज. घाई असली तरी. ओल्या दिवसांत विंचू, गोम, कधी साप असल्याच कोरड्या अंधाऱ्या जागा शोधतात. तळाला पोतं घालत असाल तर ते ऊन पडेल त्या दिवशी झटकून वाळवायचं. विंचू चावला तर आजीच्या काळी उतारा करणाऱ्याला बोलवत. तू ते करू नकोस. घाम सुटणं, उलटी होणं, हातपाय गार पडणं हे दिसलं तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठ, लहान मूल असेल तर ही लक्षणं दिसण्याचीही वाट पाहू नकोस. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि कितीतरी जीव वाचले. हे औषध वेळेत मिळणं हाच खरा उतारा. कुठं बांधू नकोस, चिरू नकोस, चोखू नकोस.

आता उरलेल्या अन्नाकडे वळते, कारण विणकराच्या घराची सकाळ त्याच्यावर चालते. उजेड चांगला असतो तेव्हा पदराचं बारीक काम करायचं असतं. मोर, मुनिया, कमळ भरायचं तर एकेका रंगाची टिल्ली हातानं फिरवावी लागते, तिथे धोट्याची धाव नसते. त्या उजेडात चुलीपुढे बसणं परवडत नाही. म्हणून सकाळची न्याहारी रात्रीच्या उरल्यासुरल्यावर. पण त्यासाठी रात्रीच ठरवावं लागतं. जेवणं झाली की सासूबाई पातेल्यांची झाकणं उघडून प्रत्येक पदार्थाचं काय करायचं ते बोलून टाकत. भाकरी कुस्करायची, वरण कणकेत, कोशिंबीर गाईला. न ठरवता झाकून ठेवलेलं पातेलं दुसऱ्या दिवशी दुपारी सापडतं आणि तेव्हा ते टाकायच्याच लायकीचं असतं.

शिळी भाकरी ही तर देणगी आहे. बाजरीची असो वा ज्वारीची, कडक झाली असेल तर आधी तिच्यावर ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेव, मग हातानं कुस्कर. मिक्सरला लावलीस तर पीठ होतं आणि फोडणीत गोळे धरतात. हातानं कुस्करलेल्या तुकड्यांत लहानमोठेपणा राहतो आणि खाताना दाताखाली येतो. दोन भाकऱ्यांना एक मोठा कांदा, मूठभर शेंगदाणे, चार पाकळ्या लसूण, हिरवी मिरची. तेलात शेंगदाणे आधी तळून बाजूला काढ, म्हणजे ते मऊ पडत नाहीत. मग मोहरी, जिरं, लसूण, कांदा, हळद, शेवटी कुस्करा, मीठ, आणि झाकण ठेवून मंद आचेवर एक वाफ. वरून कोथिंबीर. काही घरांत कांद्याआधी फोडणीत तीळ टाकतात, थंडीत तेही छान लागतं. उन्हाळ्यात मात्र चूलही नको. कुस्करा ताकात कालवायचा, मीठ, ठेचलेली लसूण, आणि सोबत कांदा बुक्कीनं फोडून. मागावर चार-पाच तास बसायचं असेल तेव्हा पोटाला हेच हलकं आणि टिकाऊ.

भाकरीचा विषय निघाला तर बाजरीचं पीठही सांगून टाकते. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर कडू होतं. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आण. कडू पिठाची भाकरी कुठल्याही फोडणीनं सुधारत नाही.

पोळी उरली तर तीन वाटा. फोडणीची पोळी सगळ्यांना माहीत आहे. गूळ आणि तूप घालून मळलेला लाडू शाळेत जाणाऱ्या पोराला द्यायला. आणि तिसरी आमच्या घरची आवडती, पोळीच्या पट्ट्या कापून उरलेल्या आमटीत उकळायच्या. चकोल्यांची चव येते, लाटण्याचा वेळ वाचतो. आमटी घट्ट झालेली असते म्हणून आधी गरम पाणी घालून सैल कर, चिंच-गूळ पुन्हा चाखून बघ, आणि खळखळून उकळी आल्यावरच पट्ट्या सोड. नुसतं वरण उरलं असेल तर सकाळच्या कणकेत ओत. पाणी लागत नाही, तिखट, ओवा, कोथिंबीर घातली की पराठा तयार.

दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं, कोथिंबिरीचे देठ ही उरलेली नव्हेत, ती मूळ सामानातलीच. शिरा कोवळ्या बघून घे, थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परत, मग तीळ आणि सुकं खोबरं त्याच कढईत भाजून घे, लसूण, लाल तिखट, मीठ घालून जाडसर कुट. भाकरीबरोबर भाजी नसली तरी चालते. दोडका आणि दुधी कडू निघाला तर मात्र पूर्ण फेकायचा, सालीसकट. कडू दुधीचा रस प्यायल्यानं माणसं अत्यवस्थ झालेली आहेत. भाजी चिरताना एक तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेव.

भाताबद्दल मी कडक आहे. जुन्या बायका उरलेला भात चुलीजवळच झाकून ठेवत आणि सकाळी फोडणी देत. थंडीत ते निभत असे. पण शिजलेल्या भातात उष्णतेनं न मरणारे जंतूंचे बीजाणू राहतात, भात कोमट अवस्थेत तासन् तास पडला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीनं जात नाही. पोट बिघडण्याचं खापर मग पाण्यावर फोडलं जातं. म्हणून भात उरला की परातीत पसरून वाफ घालव आणि तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वाफ येईपर्यंत नीट गरम कर, आणि एकदाच. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात मोजूनच शिजव. एवढं करून उरलाच तर रात्रीच त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तिखट घालून थालीपीठं लावून टाक, म्हणजे उरतच नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात बुळबुळीत लागला नाही तरी वैशाखात तो माणसाच्या ताटात घालू नये. अन्न टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो. पण घरात एक माणूस जुलाबानं आडवं झालं तर मागाचे किती दिवस जातात ते विणकराच्या बाईला सांगावं लागत नाही. शिजवलेली पालेभाजी, ओलं खोबरं घातलेलं कालवण आणि मासळी यांचंही असंच, त्या त्या दिवशी संपवायचं.

भाताच्या पेजेचं मात्र दुसरं काम आहे. माहेरी ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावत. पहाटे गल्लीत ताणा लांबच लांब पसरायचा, आणि खळीत बुडवलेले कुंचे घेऊन घरची माणसं दोन्ही बाजूंनी फिरवत जायची. या पांजणीनं सुतावरचे केस बसतात आणि घासलं तरी धागा टिकतो. ऊन वर येण्याआधी हे आटोपावं लागे, नाहीतर खळ भराभर वाळून धागे एकमेकांना चिकटत. आता घरात कोणी पांजणी करत नाही, पण सुती साडीला पेज अजून लागते. भाताची पेज गाळून, दोन-तीन पट पाणी घालून साडी त्यात बुडव, न पिळता सावलीत वाळव, अर्धवट ओली असताना इस्त्री कर. खळ केलेली साडी महिनोन्महिने कपाटात ठेवायची नाही. खळीच्या वासावर झुरळं आणि कसर येते आणि कापड कुरतडलं जातं. पावसाळ्याआधी सगळ्या सुती साड्या साध्या पाण्यातून काढून ठेव. पैठणी ठेवायची ती जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी बदलायची, नाहीतर जर घडीवरच मोडते. अंगावर अत्तर मारायचं ते साडी नेसण्याआधी.

येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, भोगी, संक्रांत आणि कर. आमच्या गावाला त्याचं वेड आहे. मांजा गुंडाळायला बांबूची आसारी असते, रेशमाच्या कामातल्या आसारीसारखीच. त्या दिवसांत माग बंद असतो, आणि मागाला सगळ्यात जास्त खाडे त्यानंतरच पडतात, कारण घरातल्या विणणाऱ्याचं बोट मांजानं कापलेलं असतं. बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळ. नायलॉनचा मांजा घरात आणायचाच नाही, तो पाखरांचा आणि दुचाकीवरच्या माणसांचा गळा कापतो. बोट कापलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धू, स्वच्छ सुती फडक्यानं दहा मिनिटं घट्ट दाबून धर, मधेच उघडून बघू नकोस. डब्यातली हळद भरू नकोस, तिच्यात घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेली असतात. जखम खोल असेल किंवा कापलेल्या बोटाचं टोक बधिर झालं असेल तर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांना पर्याय नाही. बोट हे विणकराचं भांडवल आहे.

डोळ्यांचं सांगताना मला सासूबाईंची आठवण सगळ्यात जास्त येते. त्यांचा दंडकच होता, कांडी संपली की नजर वर. धोट्यात नवी कांडी घालायला हात लागतात, डोळे लागत नाहीत. तेवढ्यात दारातून बाहेर, जेवढं लांब दिसेल तेवढं लांब बघायचं आणि सावकाश पापण्या मिटायच्या-उघडायच्या. जवळचं एकटक पाहताना माणूस पापण्या लवायचं विसरतो, म्हणून डोळे कोरडे पडून जळजळतात. संगणकावर काम करणाऱ्यांना हल्ली डॉक्टर दर वीस मिनिटांनी लांब बघायला सांगतात. आमच्या घरात ते घड्याळ कांडीचं होतं. पदर भरताना कांडी बदलायला फार वेळ लागतो, तेव्हा एक ओळ पुरी झाली की नजर उचलायची.

चाळिशी लागली की लावायची. त्यात लाज कसली? कमी दिसतं म्हणून मान पुढे काढून विणणाऱ्या बायकांची आधी मान जाते, मग खांदा. चष्मा करायला जाताना एक गोष्ट घेऊन जा. मागावर नेहमीसारखी ताठ बस, कोणाला तरी तुझ्या डोळ्यापासून विणकामापर्यंत दोरा धरायला सांग, तिथे गाठ मार आणि तो दोरा चष्मेवाल्याला दाखव. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो, मागाचं अंतर प्रत्येकीचं निराळं. हे सांगितलं नाही तर नवा चष्मा लावूनही वाकावंच लागतं. डोळ्यात कण गेला तर स्वच्छ पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही. मध, तूप, घरचं काजळ, बाळंतिणीचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. जुन्या बायका घालत, ते चूकच होतं. साखरेचा आजार असेल तर दिसायला त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी कर.

पाठीसाठी दोन गोष्टी. बैठक इतकी उंच हवी की कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील. त्यासाठी जुन्या गोधडीची घडी पुरते. आणि प्यायच्या पाण्याचा माठ मागाच्या खोलीत ठेवायचा नाही, आतल्या खोलीत ठेवायचा. तहान लागली की उठावंच लागतं, तेवढीच पाठ सरळ होते, पायांची सूज उतरते. यातून एक नाजूक गोष्ट निघते, ती कोणी उघड बोलत नाही. मागावरच्या कितीतरी जणी पाणीच पीत नाहीत, कारण मग सारखं उठावं लागतं. लघवी तुंबवून ठेवतात. मग जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. धने-जिऱ्याचं पाणी पिऊन दिवस काढतात आणि दुखणं मूत्रपिंडापर्यंत जातं. पाणी पी, वेळच्या वेळी जा, आणि जळजळीबरोबर ताप किंवा पाठीत कळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पाठीच्या दुखण्यातही एवढं लक्षात ठेव, दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर शेक, मालिश, मणके बसवणारा माणूस यांत वेळ घालवायचा नाही, तातडीनं मोठं रुग्णालय गाठायचं.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्या येऊन जागं करत असतील तर ती मनगटातली नस दबल्याची खूण असते. रहाट फिरवून कांड्या भरणाऱ्या बायकांना हे फार होतं. मनगट वाकडं न करता काम करायला शीक, रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांध, आणि लवकर दाखव. उशीर केला तर अंगठ्याची पकड जाते. टिल्ली धरता येत नाही मग.

सर्दी-खोकल्याला आमच्या घरातही सुंठ, गूळ, हळदीचं दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. त्यानं बरं वाटतं, आणि साधी सर्दी आठवड्याभरात आपली आपण जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कितीही शुद्ध असला तरी. कानात तेल ओतायचं नाही. सुताच्या घरात कांड्या भरताना, जुना माग झाडताना नाकातोंडाला फडकं बांधायचं, कारण कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर ते थकव्याचं नाही, धुळीचं आहे, दाखवून घे. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यायची. ती फुकट होते, क्षयाची औषधंही फुकट मिळतात. सोयरीक मोडेल म्हणून लपवलेला खोकला मी पाहिला आहे. त्यानं सोयरीक राहिली नाहीच, घरातली पोरंही आजारी पडली.

जुलाब-उलट्यांना घरचं पाणी करायचं ते मापानं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजानं टाकायचं नाही. लहान मुलाला चमच्या-चमच्यानं पाजायचं, अंगावरचं दूध आणि जेवण थांबवायचं नाही. आशाताईंकडे क्षारसंजीवनीची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या आणून ठेव. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर घरच्या उपायावर विसंबू नकोस, दवाखाना गाठ.

भाजलं तर वाहतं साधं पाणी, पुरी वीस मिनिटं. घड्याळ लावून. चुना, टूथपेस्ट, शाई, हळद, लोणी यांतलं काही नाही. बर्फही नाही. बांगड्या-अंगठ्या लगेच काढ, सूज आल्यावर निघत नाहीत.

एक शेवटचं, हे दुखण्याचंही नाही आणि स्वयंपाकाचंही नाही. ताणा सांधणं, कांड्या भरणं, रेशीम उकलणं ही कामं बाई घरकामाच्या मधे-मधे करते आणि पैठणी घरातल्या पुरुषाच्या नावावर जाते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले, आणि विणणाऱ्या प्रौढांमध्ये बायकांचं प्रमाण ७२ टक्के आलं. मोजणीत दिसल्या, पण घरोघरच्या हिशेबात अजून दिसत नाहीत. म्हणून विणकराचं ओळखपत्र काढायचं तर स्वतःच्या नावानं काढ. त्यासाठी बँकेत स्वतःचं खातं लागेल, तेही उघड. घरात वही ठेव, कोणत्या साडीला किती दिवस कोणी बसलं आणि कांड्या कोणी भरल्या ते रोज संध्याकाळी लिही. साडी विकली गेल्यावर आठवून लिहायला बसलीस तर तुझे दिवस त्यात कमीच भरतील.